फाटकाच्या आत, फाटकाच्या बाहेर

कोकणातल्या माणसाला कारखाना म्हटलं की आधी गिरणी आठवते. आमच्या जयगडात काय, किंवा खाडीपलीकडच्या तवसाळात काय, जुन्या पिढीतलं असं घर सापडणं कठीण, की ज्यातलं कोणीच कधी लालबाग-परळला नव्हतं. मनीऑर्डरी यायच्या, शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी यायचे, आणि त्यांच्याबरोबर 'खातं', 'पाळी', 'बदली', 'मुकादम' हे शब्दही यायचे. ज्या बायकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनाही हे शब्द पाठ होते.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तह, लढाया, सनावळ्या, व्हाइसरॉय. कारखान्यांचा इतिहास मात्र पुस्तकात दोन-चार ओळींत उरकलेला असे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी तो थोडा वाचायला लागले. वाचता वाचता एक प्रश्न सारखा समोर येत राहिला. एक कारखाना शंभर वर्षं तग धरतो आणि दुसरा, भांडवल असून, बाजारपेठ असून, कामगार असून बसतो, असं का?

या प्रश्नाची उत्तरं पुष्कळ आहेत. सरकारी धोरण आहे, कर आहेत, नशीबही आहे. पण मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात, आणि ताळेबंदात त्या दिसत नाहीत. कारखान्याला माल पुरवणाऱ्या लहान माणसांना मोठा कारखाना कसं वागवतो, ही एक. आणि फाटकाच्या आत माणसं एकमेकांशी कशी वागतात, ही दुसरी. हल्लीची मुलं पहिलीला 'सप्लायर डेव्हलपमेंट' आणि दुसरीला 'वर्क कल्चर' म्हणतात. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, मी आपली 'फाटकाबाहेरची माणसं' आणि 'फाटकाआतली रीत' म्हणते.

सुरुवात गिरणीपासूनच करू.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीसाठी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिच्यात सूत निघू लागलं. पुढे गिरण्या वाढत गेल्या. पण यंत्रं आली ती लँकेशायरहून. चात्या, माग, सगळं बोटीने यायचं. गिरण्यांच्या आजूबाजूला दुरुस्तीची आणि सुट्या भागांची दुकानं झाली खरी, पण नवी आणि चांगली यंत्रं बनवणारा उद्योग स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंत इथे नीटसा उभा राहिला नाही. कापड इथलं, कापूस इथला, घाम तर इथलाच, पण यंत्राची अक्कल बाहेरची. आपल्या शेजारच्या लोहाराला हाताशी धरून 'हा भाग तू बनव, चुकला तर पुन्हा बनव, मी घेईन' असं म्हणायची गरज मालकांना वाटली नाही, कारण बोटीने माल येत होता.

आता फाटकाच्या आत. माणसं भरायची ती जॉबर म्हणजे मुकादमामार्फत. तो आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसं आणायचा. नवख्या माणसाला त्याचा आधारही असायचा, हे नाकारता येत नाही. पण काम द्यायचं की नाही, हे त्याच्या हातात असल्यामुळे दस्तुरी घेणंही त्याच्याच हातात होतं. १९३१ मध्ये कामगारविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला, त्यात या पद्धतीवर कडक टीका आहे. त्यातच बदलीची पद्धत. बदली कामगार रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायचा. कोणी गैरहजर असला तर आत, नाही तर परत खोलीवर. वर्षानुवर्षं बदलीच राहिलेले लोक होते. ज्या माणसाला उद्या काम आहे की नाही हे ठाऊक नाही, तो यंत्राचा आवाज बदललाय हे कशाला सांगेल? आणि सांगितलं तरी कोण ऐकणार?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, असं म्हणतात ते खरंच आहे. त्या काळात मालकांनी भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेतलं. म्हणजे फाटकाबाहेरची माणसं त्यांना आठवली, पण ती आतल्या माणसांना टाळण्यासाठी. त्या यंत्रमागवाल्यांना शिकवून, सुधारून बरोबर घ्यावं असा काही विचार त्यात नव्हता. गिरण्यांचा ऱ्हास नुसत्या संपाने झाला नाही. जुनी यंत्रं, जमिनीच्या चढत्या किमती, यंत्रमागाची स्पर्धा, सरकारी नियम, सगळं होतं. पण बाहेर आणि आत, दोन्हीकडे सव्वाशे वर्षं नातं जोडलं गेलं नाही, हे मला फार मोठं कारण वाटतं. त्याची किंमत कोकणातल्या घराघरांनी मोजली.

याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही एका माळावरचं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. म्हणजे आमच्याच जातीचे, मास्तर! १८८८ मध्ये भाऊ रामुअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर १९०३ चा. तो खपायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. बेळगाव नगरपालिकेला जागा हवी झाली तेव्हा त्यांना तिथून उठावं लागलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ होता तो. १० मार्च १९१० ला तिथे वसाहत सुरू झाली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं. पुढे त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

किर्लोस्करांना पुरवठादार मिळणं शक्यच नव्हतं. माळावर कोण नट-बोल्ट आणून देणार? म्हणून ओतकाम, सुतारकाम, जुळणी सगळं आपणच करायचं. पहिल्या महायुद्धात परदेशी माल बंद झाला, तेव्हा दगडी कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरून बघितला. लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या. तोफांचे नांगर झाले, ही गोष्ट मी वर्गात सांगायची तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघायची.

पण खरी गोष्ट तोफांची नाही, माणसांची आहे. त्यांच्याबरोबरची माणसं पाहा. शंभुराव जांभेकर यंत्रं सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशेब बघायचे, अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली पण डोकं यंत्रात चालायचं, आणि रामुअण्णा गावाची आखणी करायचे. ज्याला जे येतं ते त्याच्याकडे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम केला. १९१० सालच्या आसपासची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी ते वाढवलं, आणि पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिकं आली. कारखान्याच्या माहितीपत्रकातून अख्ख्या महाराष्ट्राला वाचायला लावणारी मासिकं निघावीत, असं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आमच्या पिढीच्या कितीतरी बायकांनी कोकणात बसून 'स्त्री' वाचलं, आणि ते एका नांगराच्या कारखान्यामुळे!

यात सगळंच गोड होतं असं नाही. एकाच मालकाच्या गावात सगळं त्या मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असतं. तो चांगला तर गाव चांगलं. आणि सगळं स्वतःच बनवायचं म्हटलं की वाढीला मर्यादा येते. म्हणूनच पुढे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, जे १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनियर होऊन आले होते, त्यांच्या काळात हा उद्योग वाडीबाहेर पडला. १९४१ मध्ये हरिहर, १९४६ मध्ये पुणे आणि बंगळूर. किर्लोस्करवाडीत मात्र आजही पंप बनतात.

आता पुण्याकडे.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडचं रूप पालटायला लागलं. त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं काम मला टेल्कोचं वाटतं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचं. जमशेदपूरला डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये करार करून त्यांनी ट्रक बनवायला सुरुवात केली होती. तो करार पंधरा वर्षांचा, म्हणजे १९६९ ला संपणार हे आधीपासून माहीत होतं. सुमंत मुळगावकर तेव्हा टेल्कोचा कारभार बघत होते. त्यांनी १९६६ मध्ये पुण्याचा कारखाना उभारायला घेतला. आणि पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडला कधी? १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं काय केलं? यंत्रं बनवायची यंत्रं केली, डाय बनवले, मुलांना शिकवलं, झाडं लावली, तळं केलं. आजच्या कोणत्याही भागधारकाला सांगून बघा, की अकरा वर्षं आम्ही ट्रक काढणार नाही, आधी माणसं घडवणार आहोत. तो शेअर विकून मोकळा होईल.

मुळगावकरांचं वैशिष्ट्य मला असं वाटतं, की मुंबईतल्या गिरणीमालकांना जे सुचलं नव्हतं ते त्यांना सुचलं. यंत्राची अक्कल इथेच रुजली पाहिजे. आणि ती फक्त फाटकाच्या आत रुजून भागत नाही. एका ट्रकमध्ये हजारो भाग असतात, ते सगळे एक कारखाना बनवू शकत नाही. पुण्यातल्या टेल्को, बजाज, टेम्पो, भारत फोर्ज अशा मोठ्या कारखान्यांतून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी भोसरी-चिंचवडला पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ टाकून सुरुवात केली. तिकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांमधून सुरू झालेल्या वर्कशॉपांच्या पुढे फाउंड्र्या झाल्या आणि त्यांची कास्टिंग्ज मोटारींत, ट्रॅक्टरांत, पंपांत जाऊ लागली. आज पुणे-कोल्हापूर रस्त्यावर रात्री जे ट्रक धावतात, त्यात ही साखळी भरलेली असते.

इथे थोडं थांबून 'पुरवठादार घडवणं' म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण मलाही ते समजून घ्यावं लागलं. समजा एक पिन हवी आहे, जाडी अमुक मिलिमीटर, फार तर शंभरावा भाग इकडे-तिकडे. लहान वर्कशॉपकडून शंभर पिना आल्या, त्यातल्या दहा बाद. आता दोन मार्ग. एक, दहा पिना परत पाठवा, पैसे कापा, आणि पुढच्या वेळी दर पाडून मागा. दुसरा, आपला एक माणूस त्या शेडमध्ये पाठवा. तो बघेल की फिक्स्चर झिजलंय, किंवा गेजच चुकीचं आहे, किंवा दुपारच्या पाळीच्या पोराला ड्रॉइंग वाचता येत नाही. मास्तरकीच्या भाषेत सांगायचं तर, वहीवर लाल शाईने भोपळा देणं वेगळं आणि हातचा घ्यायला मूल कुठे विसरतं ते शेजारी बसून बघणं वेगळं. पहिल्याला एक मिनिट लागतं, दुसऱ्याला आठवडा. पण वर्षअखेरीला निकाल कोणाचा लागतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

बरं, बाहेर इतकं चांगलं केलं म्हणजे आत सगळं आलबेल राहतं का? नाही. याचा धडाही पुण्यानेच दिला. १९८८-८९ मध्ये त्याच टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात कामगार नेते राजन नायर आणि व्यवस्थापन यांच्यात मोठा संघर्ष झाला. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस पोलिसांनी रात्रीतून त्यांना उचललं. मुळगावकर त्याच वर्षी जुलैमध्ये वारले होते. ज्या कारखान्याने माणसं घडवायला अकरा वर्षं दिली, तिथेही हे घडलं. कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा मी करणार नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की चांगली रीत एकदा घालून दिली की कायमची टिकते, असं नाही. घरातल्यासारखंच आहे हे. सासूने घातलेलं वळण सुनेच्या काळात आपोआप चालत नाही, रोज नव्याने बोलावं लागतं.

मारुतीचंही तसंच. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हा तिचे बहुतेक भाग जपानहून येत होते. मग त्यांनी आपल्या कारखान्याजवळ पुरवठादार उभे केले, काहींत स्वतः भागीदारी घेतली, जपानी कंपन्यांशी त्यांची गाठ घालून दिली. साहेब आणि कामगार यांचा एकच गणवेश, एकच कँटीन, याचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! पण १८ जुलै २०१२ ला मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला आणि कारखाना सुमारे महिनाभर बंद राहिला. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यातली दरी हा तिथला एक मोठा विषय होता. गणवेश एक, पण पगार आणि उद्याची खात्री वेगळी. मला आपला गिरणीचा बदली कामगार आठवला. नाव बदललं, माणूस तोच.

जपानचं नाव निघालंच आहे तर तिथल्या एका आगीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला पहाटे कारिया गावातल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह बनायचा, मुठीत मावेल एवढा. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तो एकाच ठिकाणाहून जायचा. टोयोटा माल साठवून ठेवत नाही, त्यामुळे हाताशी काही तासांचाच साठा होता. टोयोटाचे बहुतेक कारखाने बंद पडले. आता अनेक आठवडे काही सुरू होत नाही, असं जगाला वाटलं. पण आयसिनने आपली ड्रॉइंग्ज मागेल त्याला दिली आणि दोनशेहून अधिक कंपन्या मिळेल त्या यंत्रावर तो व्हॉल्व्ह बनवायला बसल्या. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीही होती. काही दिवसांत व्हॉल्व्ह यायला लागले आणि आठवड्याभरात कारखाने बहुतांशी पूर्ववत झाले. कोणी आधी दर ठरवत बसलं नाही. पैशांचं नंतर बघू, आणि ते बघितलं जाईल, अशी खात्री होती. ही खात्री आगीच्या दिवशी तयार होत नाही. ती आधीच्या अनेक वर्षांच्या वागण्यातून साठलेली असते, बँकेतल्या ठेवीसारखी.

आणि फाटकाआतल्या रीतीचं उदाहरण अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. भांडणं, दांड्या, निकृष्ट माल. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, संघटना तीच. पूर्वी पाचातला एक गैरहजर असायचा, ते प्रमाण अगदी खाली आलं. फरक काय केला? कामात चूक दिसली की कोणाही कामगाराने दोरी ओढायची आणि गरज पडली तर लाइन थांबवायची. थांबवली म्हणून कोणी ओरडायचं नाही, उलट मदतीला धावायचं. पूर्वी त्याच माणसाने लाइन थांबवली असती तर नोकरी गेली असती. माणसं वाईट नव्हती, असा याचा अर्थ. पण तेही पूर्ण सांगायला हवं: ही रीत आपल्या इतर कारखान्यांत पोचवायला जनरल मोटर्सला फार वर्षं लागली, २००९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१० मध्ये तो कारखानाही बंद झाला. एका खोलीत दिवा लावून घर उजळत नाही.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आता जवळचं सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा भोसरीत जॉबवर्क करतो. दोन सीएनसी मशीन, तीन जुन्या लेथ, सात माणसं. त्याची दोन मोठी गिऱ्हाइकं आहेत. एका कंपनीचे पैसे चार-चार महिने येत नाहीत, आणि दर एप्रिलला दर कमी करण्याचं पत्र मात्र वेळेवर येतं. दुसऱ्या कंपनीचा इंजिनियर वर्षातून दोनदा येतो, मशीनजवळ उभा राहतो, मुलांशी बोलतो. एकदा त्याने कामाचा क्रम बदलून दिला आणि बाद माल निम्म्याहून कमी झाला. पैसे दीड महिन्याच्या आत.

मी विचारलं, "अरे, मग पहिल्यांचं काम सोडत का नाहीस?"

तो म्हणाला, "मावशी, सोडलं तर दोन माणसं कमी करावी लागतील. त्यातला एक तर आपल्याच गावचा आहे."

गेल्या दिवाळीपासून तो शेड विकायचा विचार बोलून दाखवतोय. ज्यांना हे नुसते आकडे वाटतात, त्यांनी ती सात माणसं डोळ्यांसमोर आणावीत.

तसे कायदे आहेत. उशिरा पैसे दिले तर व्याज द्यावं लागेल, असा कायदा १९९३ मध्ये झाला. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन घातलं, नाही तर बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक अडसर घातला: सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात तो खर्च धरता येणार नाही. कायदा चांगला आहे. पण ज्याच्या कामावर शेड चालते त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? भाचा हसून म्हणाला, "व्याज मिळेल मावशी, पण मग ऑर्डर कोण देणार?" कायदा फाटकापर्यंत नेतो. फाटकाच्या आतली नियत कायद्याने बदलत नाही.

शेवटी आमच्या जयगडाकडे येते. शास्त्री नदीच्या मुखावरचा हा जुना किल्ला, हे बंदर, १९३२ चं दीपगृह. पूर्वी इथून माणसं गलबताने, मग बोटीने, मग एसटीने मुंबईला जायची. २००९ मध्ये इथे नवं खासगी बंदर सुरू झालं आणि पाठोपाठ १२०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आलं. मोठा प्रकल्प आला की गावात पहिला प्रश्न एकच असतो, किती जणांना लावणार? हा प्रश्न चुकीचा नाही, पोटाचा आहे. पण किर्लोस्करवाडीची आणि पिंपरीची गोष्ट वाचल्यावर मला वाटतं, तो एकटा पुरेसा नाही. विचारायला हवं, की इथली कुठली दुरुस्ती, कुठला सुटा भाग, कुठलं फॅब्रिकेशन इथल्या वर्कशॉपकडून करून घेता येईल? आणि त्यासाठी इथल्या आयटीआयच्या पोरांना कोण, काय शिकवील? वीज आली आणि बंदर आलं म्हणून कारखानदारी येत नाही. मुंबईत दोन्ही होतं, तरी यंत्रं लँकेशायरहूनच आली. आमच्या खाडीत ट्रॉलरची इंजिनं खोलून जोडणारे मेकॅनिक आहेत, अक्कल आहे. तिच्या शेजारी बसून शिकवणारा कोणीतरी हवा.

आणि आपल्या बाजूनेही काही आहे. वेळेवर माल, खरं माप, 'होऊन जाईल हो' न म्हणता 'हे मला येत नाही' असं सांगायची तयारी. गणपती आणि शिमगा आधीच सांगून ठेवले तर कुठलाही शहाणा कारखानदार समजून घेतो. न सांगता शेड आठ दिवस बंद ठेवली तर कोणीच घेत नाही!

आपल्या नात्यातली तीन-चार मुलं यंदा नोकरीला लागतील. पगार किती, गाडी नेते का, हे तुम्ही विचारालच. त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारा. ही कंपनी लहान पुरवठादारांचे पैसे किती दिवसांत देते? आणि तिथे एखाद्याने 'साहेब, हे चुकतंय' असं म्हटलं तर त्याचं पुढे काय होतं? ही उत्तरं कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत मिळणार नाहीत. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर मिळतील.

आणि ज्यांचे वडील, काका, मामा गिरणीत, किंवा पिंपरी-चिंचवडला, किंवा एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये आयुष्य काढून आले, त्यांनी त्यांना बसवून विचारा आणि लिहून ठेवा. कुठलं खातं, कोण मुकादम, चूक झाली तर कोण काय म्हणायचं. साधी वही चालेल. ती माणसं आता थोडी उरली आहेत.